अमेरिकेचं यादवी युद्ध: लढाया आणि सेनापतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या यादवी युद्धावर लिहायला लागल्यापासून वाचकांचे प्रश्न येत असतात आणि त्यातले बरेचसे तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्या वाचकांचे आहेत, शेवटचे मुरलेल्यांचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली, तर पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे युद्ध नक्की कोणाकोणात झालं? आणि मराठीत त्याला 'यादवी' का म्हणतात?

एकाच देशाच्या दोन भागांत. नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला आणि २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना राज्य संघराज्यातून फुटलं. मागोमाग आणखी सहा राज्यं फुटली. १२ एप्रिल १८६१ च्या पहाटे चार्ल्सटन बंदरातल्या सम्टर किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या. त्यानंतर आणखी चार राज्यं गेली. या अकरा राज्यांची मिळून झाली कॉन्फेडरसी. तिचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस आणि राजधानी, व्हर्जिनिया सामील झाल्यावर, रिचमंड. उरलेलं संघराज्य म्हणजे उत्तर.

'यादवी' हा शब्द महाभारताच्या मौसलपर्वातल्या कथेवरून आला. प्रभास क्षेत्री यादव एकमेकांना मारून संपले, म्हणून घरातल्या घरात पेटलेलं युद्ध ते यादवी. इथे तो तंतोतंत लागू पडतो. सम्टरवर तोफा डागणारा बोरेगार्ड हा किल्ल्यातल्या मेजर अँडरसनचा वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतला विद्यार्थी होता. तोफा कशा चालवायच्या हे तो अँडरसनकडेच शिकला होता.

२. कारण गुलामगिरी होतं की 'राज्यांचे हक्क'?

गुलामगिरी. फुटलेल्या राज्यांनी आपली कारणं तेव्हाच छापून जाहीर केली होती, ती वाचली की शंका उरत नाही. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात तर सुरुवातीलाच, आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे, असं म्हटलं आहे. हक्क हवा होता तो माणसं मालकीची ठेवण्याचा. पळून गेलेल्या गुलामांना परत धाडण्याचा कायदा उत्तरेतली राज्यं नीट पाळत नाहीत अशी याच दक्षिणेची तक्रार होती. म्हणजे उत्तरेच्या राज्यांचे हक्क तिला चालत नव्हते.

गोंधळ होतो तो एका अपवादामुळे. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी ही चार गुलामधारी राज्यं संघराज्यातच राहिली. ती दुरावू नयेत म्हणून लिंकनने सुरुवातीला 'संघराज्य वाचवणं' एवढाच हेतू सांगितला. तो कधी आणि कसा बदलला, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

३. इतक्या लढाया आहेत. अभ्यास कुठून सुरू करू?

नकाशापासून. आणि नकाशावर आधी नद्या पाहा, गावं मागाहून.

पूर्वेला वॉशिंग्टन आणि रिचमंड या दोन राजधान्यांत जेमतेम १६० किलोमीटरचं अंतर. पण मधल्या नद्या साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणजे उत्तरेच्या सैन्याला प्रत्येक नदी खंदकासारखी आडवी येते. बुल रन, फ्रेडरिक्सबर्ग, चॅन्सेलर्सव्हिल या सगळ्या लढाया याच पट्ट्यात झाल्या. पश्चिमेला उलट. तिथे टेनेसी, कंबरलँड आणि मिसिसिपी या नद्या दक्षिणेच्या थेट पोटात शिरतात. उत्तरेच्या युलिसिस ग्रँट या जनरलने फेब्रुवारी १८६२ मध्ये हेन्री आणि डोनेल्सन हे दोन किल्ले घेतले आणि यातल्या पहिल्या दोन नद्या उघडल्या. नॅशव्हिल तर त्यापाठोपाठ लढाईवाचून पडलं.

मग ६ आणि ७ एप्रिलला शायलो झालं. पहिल्या दिवशी सकाळी दक्षिणेने ग्रँटची फौज बेसावध गाठली आणि संध्याकाळपर्यंत नदीच्या काठापर्यंत रेटत नेली. त्या रात्री पाऊस पडत होता. ग्रँटच्या हाताखालचा जनरल शर्मन त्याला शोधत आला, तेव्हा ग्रँट एका झाडाखाली उभा होता. आजचा दिवस फार वाईट गेला, असं शर्मन म्हणाला. हो, पण उद्या त्यांना झोडपू, असं ग्रँटचं उत्तर होतं. रात्रीतून ब्यूएलची कुमक आली आणि दुसऱ्या दिवशी गेलेली जमीन परत घेतली. दोन दिवसांत दोन्हीकडचे मिळून २३,००० हून जास्त लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. दक्षिणेचा सेनापती अल्बर्ट सिडनी जॉन्स्टनही मारला गेला.

माझा सल्ला असा: कोणत्याही सेनापतीचं माप काढताना लढाईच्या दिवशी तो काय करतो ते पाहाच, पण दुसऱ्या सकाळी काय करतो ते जास्त बारकाईने पाहा. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हाच धागा येईल.

४. एकाच लढाईला दोन-दोन नावं का?

उत्तरेचे लोक बहुधा जवळच्या नदी-ओढ्याचं नाव देत, दक्षिणेचे जवळच्या गावाचं. म्हणून बुल रन आणि मनॅसस एकच, अँटिटम आणि शार्प्सबर्ग एकच, स्टोन्स रिव्हर आणि मर्फ्रीसबरो एकच. शायलो मात्र दक्षिणेने दिलेलं नाव आहे, तिथल्या एका लहानशा चर्चवरून. बुल रनला दोन लढाया झाल्या, २१ जुलै १८६१ आणि ऑगस्ट १८६२, त्यामुळे वाचताना 'पहिली' की 'दुसरी' हे बघून घ्या. दोन्ही दक्षिणेने जिंकल्या.

५. लिंकन सारखे सेनापती का बदलत होता?

कारण जिंकल्यावर पाठलाग करणारा आणि हरल्यावर पुन्हा उभा राहणारा माणूस त्याला पूर्वेत सापडत नव्हता. मॅक्डॉवेल पहिल्या बुल रनला हरला. मॅक्लेलनने फौज सुरेख घडवली, शिपाई त्याच्यावर जीव टाकत, पण शत्रू आहे त्याच्या दुप्पट आहे असं त्याला कायम वाटे. १८६२ च्या उन्हाळ्यात तो रिचमंडच्या इतका जवळ गेला की तिथल्या चर्चच्या घंटा ऐकू येत, आणि तिथून मागे आला. पोप दुसऱ्या बुल रनला हरला. पुन्हा मॅक्लेलन. मग बर्नसाइड: त्याने १३ डिसेंबर १८६२ ला फ्रेडरिक्सबर्गच्या टेकडीखालच्या दगडी भिंतीवर एकामागून एक लाटा पाठवल्या आणि १२,००० हून अधिक माणसं गमावली, दक्षिणेच्या दुपटीहून जास्त. मग हुकर, आणि शेवटी मीड.

लिंकनला लष्करी अनुभव म्हणाल तर १८३२ मध्ये काही आठवडे मिलिशियातली कप्तानी, तीही एक लढाई न पाहता. तो ग्रंथालयातून युद्धशास्त्राची पुस्तकं आणून वाचत बसे. डेव्हिस उलट वेस्ट पॉइंटचा पदवीधर आणि माजी युद्धमंत्री. तरीही माणसं पारखायला शिकला तो लिंकन. डेव्हिसने ब्रॅक्स्टन ब्रॅगसारख्या, हाताखालच्या सगळ्यांशी भांडणाऱ्या सेनापतीला मैत्रीखातर फार काळ सांभाळलं. मला यात शिक्षणापेक्षा स्वभावाचा भाग मोठा वाटतो.

६. अँटिटमची लढाई तर बरोबरीत सुटली. मग तिला एवढं महत्त्व का?

१७ सप्टेंबर १८६२, मेरीलँड. मक्याचं शेत, एक खोलगट गाडीवाट आणि ओढ्यावरचा दगडी पूल, एवढ्याशा जागेत एका दिवसात सुमारे २२,७०० माणसं पडली. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात इतकी हानी दुसऱ्या कोणत्याही लढाईत झालेली नाही.

लढाईच्या चार दिवस आधी उत्तरेच्या शिपायांना एका सोडून दिलेल्या तळावर तीन सिगारांभोवती गुंडाळलेला कागद सापडला. तो दक्षिणेच्या पूर्वेतल्या फौजेचा सेनापती रॉबर्ट ली याचा हुकूम होता. त्याची फौज कुठे कुठे विभागली आहे, ते सगळं त्यात लिहिलेलं. एवढं घबाड हाती येऊनही मॅक्लेलन सावकाश निघाला. लढाईच्या दुसऱ्या दिवशी लीची थकलेली फौज नदीला पाठ लावून दिवसभर समोर उभी होती आणि मॅक्लेलनने हात उचलला नाही. ली रात्री नदीपार निघून गेला.

पण लीची स्वारी परतली, एवढ्या आधारावर लिंकनने २२ सप्टेंबरला मुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला. १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर भागातले गुलाम मुक्त जाहीर झाले. गुलामधारी निष्ठावंत राज्यं त्यातून वगळली होती (प्रश्न २). तरी युद्धाचा हेतू त्या दिवसापासून उघड झाला आणि ब्रिटन-फ्रान्सला दक्षिणेची बाजू घेणं अवघड होऊन बसलं.

७. रॉबर्ट ली खरोखर एवढा थोर सेनापती होता का?

रणांगणावर धाडसी आणि कुशल, यात वाद नाही. मे १८६३ मध्ये चॅन्सेलर्सव्हिलला हुकरकडे त्याच्या दुपटीहून जास्त फौज होती. लीने आपली लहान फौज आणखी विभागली आणि 'स्टोनवॉल' जॅक्सनला जंगलातून लांबचा वळसा घालून शत्रूच्या उजव्या बगलेवर पाठवलं. उत्तरेची ती बाजू संध्याकाळच्या जेवणाच्या तयारीत असताना कोसळली. त्याच रात्री अंधारात जॅक्सनवर त्याच्याच शिपायांनी चुकून गोळ्या झाडल्या. हात कापावा लागला आणि १० मे रोजी न्यूमोनियाने तो गेला.

आता दुसरी बाजू. या विजयात लीची सुमारे १३,००० माणसं गेली. दक्षिणेची लोकसंख्या सुमारे ९० लाख, त्यातले ३५ लाख गुलाम. उत्तरेची २ कोटींच्या वर. माणसांचा असा तुटवडा असलेल्या बाजूने अशा किमतीला विजय घेत राहणं परवडणारं नव्हतं. शिवाय लीची नजर व्हर्जिनियावरून फारशी हलली नाही, आणि सर्व सैन्याचं सरसेनापतीपद त्याला मिळालं ते थेट १८६५ मध्ये, सगळं हातचं गेल्यावर.

एप्रिल १८६१ मध्ये त्याला उत्तरेच्या फौजेचं नेतृत्व देऊ केलं होतं. त्याने ते नाकारून राजीनामा दिला. पुढे दक्षिणेत त्याची जी देवासारखी प्रतिमा उभी केली गेली, तिने पराभवाला उदात्त रंग दिला आणि गुलामगिरी झाकली. लीचं कौशल्य मान्य करताना हे विसरू नये, असं मला कळकळीने वाटतं.

८. युद्धाला कलाटणी कुठे मिळाली, गेटिसबर्गला की विक्सबर्गला?

हा सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न. दोन्ही घटना एका दिवसाच्या अंतराने घडल्या, म्हणून तुलना होते.

गेटिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया, १ ते ३ जुलै १८६३. मीडला नेमणूक मिळून तीनच दिवस झाले होते. पहिल्या दिवशी उत्तरेच्या बफर्डच्या घोडदळाने मोक्याच्या टेकड्या हाती राहाव्यात म्हणून लीची आघाडी थोपवून धरली. दुसऱ्या दिवशी लिटल राउंड टॉप या टेकडीवर मेन राज्याच्या विसाव्या पलटणीचा दारूगोळा संपत आला, तेव्हा चेंबरलेन या प्राध्यापकी करून आलेल्या कर्नलने संगिनी लावून उतारावरून हल्ला चढवला. तिसऱ्या दिवशी लीने उघड्या मैदानातून सुमारे १२,५०० माणसं मधोमध पाठवली. त्याच्या हाताखालच्या लाँगस्ट्रीट या जनरलने आधीच विरोध केला होता. या हल्ल्याला पिकेटचं नाव चिकटलं, पण त्यात त्याची एकच डिव्हिजन होती. निम्म्याच्या आसपास माणसं पडली किंवा पकडली गेली. तीन दिवसांत दोन्हीकडचे मिळून सुमारे ५१,०००.

विक्सबर्ग हे मिसिसिपी नदीच्या काठावरच्या उंच कड्यावरचं गाव. ग्रँटने हिवाळाभर कालवे खणून, दलदलीतून वाटा काढून पाहिल्या. एकही साधली नाही. मग एप्रिलमध्ये रात्रीच्या अंधारात आपली जहाजं कड्यावरच्या तोफांखालून पुढे काढली, गावाच्या दक्षिणेला नदी ओलांडली आणि रसदीची फारशी पर्वा न करता आत शिरला. १ ते १७ मे या दिवसांत पाच लढाया जिंकल्या, मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन घेतली आणि दक्षिणेच्या पेंबर्टनची फौज विक्सबर्गात कोंडली. दोन थेट हल्ले फसले, मग वेढा. लोक टेकडीत गुहा खोदून राहिले, खेचराचं मांस खाऊ लागले. ४ जुलैला सुमारे २९,५०० सैनिक शरण आले. पाच दिवसांनी पोर्ट हडसन पडलं आणि मिसिसिपी मुखापर्यंत उत्तरेच्या ताब्यात आली. कॉन्फेडरसीचे दोन तुकडे झाले.

माझं मत विक्सबर्गच्या बाजूने आहे. गेटिसबर्गला ली हरला, पण फौज घेऊन परत गेला. विक्सबर्गला एक संपूर्ण फौज नाहीशी झाली. गेटिसबर्गची कीर्ती मोठी, कारण ते पूर्वेतल्या मोठ्या शहरांजवळ आहे आणि नोव्हेंबरमध्ये लिंकनने तिथेच आपलं प्रसिद्ध छोटं भाषण केलं.

९. ग्रँटला 'खाटीक' म्हणतात ते योग्य आहे का?

अर्धंच खरं आहे. मार्च १८६४ मध्ये तो सरसेनापती झाला आणि मे-जूनच्या सहा आठवड्यांत विल्डरनेस, स्पॉटसिल्व्हेनिया, कोल्ड हार्बर या लढायांत त्याचे सुमारे ५५,००० लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. कोल्ड हार्बरच्या शेवटच्या हल्ल्याबद्दल आपल्याला कायम खंत वाटली, असं त्याने आत्मचरित्रात स्वतःच लिहिलं आहे.

पण विल्डरनेसनंतरची रात्र पाहा. दोन दिवस पेटत्या रानात लढून फौजेच्या हाती काही लागलं नव्हतं. अशा वेळी आधीचे सेनापती माघारी फिरत. ७ मेच्या रात्री रस्त्याच्या तिठ्यावर ग्रँट दक्षिणेकडे वळला, आणि दमलेले शिपाई ओरडून जयजयकार करू लागले. आपण परत चाललो नाही, हे त्यांना कळलं होतं. शिवाय डोनेल्सन, विक्सबर्ग आणि ॲपोमॅटॉक्स (प्रश्न १४) अशा तीन ठिकाणी शत्रूची अख्खी फौज जिवंत शरण आणणारा या युद्धातला तो एकटा सेनापती. खाटकाचं हे काम नव्हे.

१०. ग्रँट आल्यावर मीडला काढलं का?

नाही. पोटोमॅकच्या फौजेचा, म्हणजे उत्तरेच्या पूर्वेतल्या मुख्य फौजेचा, सेनापती शेवटपर्यंत मीडच होता. ग्रँटने आपला तळ त्याच्या फौजेबरोबर ठेवला, त्यामुळे वर्तमानपत्रांत नाव ग्रँटचं येई.

११. शर्मनची समुद्रापर्यंतची कूच म्हणजे गनिमी कावा होता का?

नाही, पण मराठी वाचकाला असं का वाटतं ते समजतं. शत्रूच्या मुलखावर पोट भरत फिरायचं, त्याची रसद मोडायची, हे आपल्या मुलूखगिरीच्या जवळ जातं. फरक असा की गनिमी कावा कमी बळाच्या बाजूचं हत्यार असतं, आणि शर्मनकडे सुमारे ६२,००० माणसं होती. समोर मोठी फौजच नव्हती, कारण दक्षिणेच्या हूडने आपलं सैन्य टेनेसीकडे नेलं होतं. तिथे फ्रँकलिनच्या एका लढाईत त्याचे सहा जनरल मेले आणि नॅशव्हिलला उत्तरेच्या थॉमसने (प्रश्न १७) उरलेली फौज मोडली.

२ सप्टेंबर १८६४ ला ॲटलांटा पडलं. त्या बातमीने नोव्हेंबरच्या निवडणुकीत लिंकनला हात दिला. समोर उमेदवार होता मॅक्लेलन. १५ नोव्हेंबरला शर्मन निघाला आणि २१ डिसेंबरला किनाऱ्यावरचं सव्हाना घेतलं. वाटेत रेल्वेचे रूळ तापवून झाडांना पिळून बांधले. हजारो मुक्त गुलाम फौजेमागे चालू लागले. एबेनेझर ओढ्याशी उत्तरेच्या जेफरसन सी. डेव्हिस या जनरलने फौज पार होताच पूल काढून घेतला. मागून दक्षिणेचं घोडदळ येत होतं, आणि कित्येक जण पाण्यात बुडाले. (हा डेव्हिस वेगळा, दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष वेगळा. यावरून फार पत्रं येतात.)

खरा गनिमी कावा पाहायचा असेल तर दक्षिणेचा मोझबी पाहा. मार्च १८६३ मध्ये त्याने फेअरफॅक्सला रात्री शिरून उत्तरेच्या एका जनरलला अंथरुणातून उचलून नेलं. इथे मला लाल महाल आठवल्याशिवाय राहत नाही.

१२. कृष्णवर्णीय सैनिकांचा वाटा किती होता?

उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ७९ हजार, नौदलात आणखी सुमारे १९ हजार. सुरुवातीला गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, तर यांना १० आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापून घेत. मॅसॅच्युसेट्सच्या चोपन्नाव्या पलटणीने असा अपमानाचा पगार घ्यायचंच नाकारलं. याच पलटणीने १८ जुलै १८६३ ला वॅग्नर किल्ल्यावर हल्ला केला आणि त्यात त्यांचा कर्नल शॉ पडला. पकडले गेल्यास यांच्या नशिबी कैद नसून गुलामगिरी किंवा मरण असे; एप्रिल १८६४ मध्ये पिलो किल्ल्यात दक्षिणेच्या फॉरेस्ट या जनरलच्या माणसांनी शरण येणाऱ्यांनाही मारलं.

१३. एवढी माणसं का मेली?

जुना आकडा ६ लाख २० हजार. जनगणनेच्या आधारे काढलेले अलीकडचे अंदाज त्याच्या वर जातात, काही साडेसात लाखांपर्यंत. साधारण दोन तृतीयांश मृत्यू जुलाब, हगवण, टायफॉइड, न्यूमोनिया अशा आजारांचे. बंदुकांच्या नळीत आटे आल्याने मारा लांबवर अचूक झाला, पण सेनापती जुन्या पद्धतीने दाट रांगा पुढे पाठवत राहिले.

१४. ९ एप्रिल १८६५ ला युद्ध संपलं ना?

त्या दिवशी ॲपोमॅटॉक्सला फक्त लीची फौज शरण आली, सुमारे २८,०००. शरणागतीची कलमं स्वच्छ अक्षरात लिहून काढणारा ग्रँटचा अधिकारी ईली पार्कर हा सेनेका जमातीचा मूळनिवासी होता. घर होतं विल्मर मॅक्लीनचं. पहिल्या बुल रनला याच माणसाच्या शेतावर लढाई झाली होती आणि पुढे तो तिथून दूर इथे राहायला आला होता.

२६ एप्रिलला दक्षिणेच्या जोसेफ जॉन्स्टनने (शायलोला पडलेला जॉन्स्टन वेगळा) शर्मनपुढे सुमारे ८९,००० सैनिकांची शरणागती दिली. ही लीच्या शरणागतीहून कितीतरी मोठी. १२-१३ मेला टेक्सासमध्ये पाल्मिटो रँचला शेवटची लढाई झाली आणि ती दक्षिणेने जिंकली. दक्षिणेचा चेरोकी जनरल स्टँड वेटी २३ जूनला शरण आला. दक्षिणेच्या शेनांडोआ या जहाजाने तर नोव्हेंबरमध्ये लिव्हरपूलला निशाण उतरवलं.

१५. या युद्धाचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे, आणि जवळचा आहे. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई. उत्तरेच्या नौदलाने बंदरांची नाकेबंदी केल्यावर ते व्यापारी मुंबईकडे वळले. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा वाहू लागला आणि बॅकबेमध्ये समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपनीच्या शेअरवर वेड्यासारखा सट्टा झाला. लीच्या शरणागतीची बातमी पोचताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ ला वायद्याचे सौदे पुरे करायची वेळ आली, तेव्हा प्रेमचंद रायचंदसारखे धनाढ्यही बुडाले.

दक्षिणेचं अलाबामा हे लुटारू जहाजही आपल्या बाजूला येऊन गेलं. जानेवारी १८६४ मध्ये त्याने मलबार किनाऱ्याजवळ एमा जेन हे अमेरिकन व्यापारी जहाज जाळलं. ते मुंबईहून निघालेलं होतं.

आणि जोतीराव फुले. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जी निःस्वार्थ आस्था दाखवली, तिचा आदर म्हणून. आपल्या देशबांधवांनी त्यापासून शिकावं, असंही जोतीरावांनी तिथे लिहिलं.

१६. कस्टर या युद्धात जनरल होता, मग १८७६ मध्ये मरताना लेफ्टनंट कर्नल कसा?

तेव्हा हुद्दे दोन प्रकारचे होते. युद्धापुरत्या उभारलेल्या स्वयंसेवक फौजेतला हुद्दा वेगळा आणि कायम सैन्यातला वेगळा. वर मानाचा हुद्दाही मिळे, ज्याला ब्रेव्हेट म्हणत. उत्तरेच्या घोडदळातला कस्टर २३ व्या वर्षी स्वयंसेवकांचा ब्रिगेडियर जनरल झाला. युद्धानंतर ती फौज बरखास्त झाली आणि तो कायम हुद्द्यावर आला. त्याचा अपमान झाला नव्हता, असं शेकडोंचं झालं.

१७. आपल्या राज्याविरुद्ध लढलेले सेनापती होते का?

होते, दोन्ही बाजूंना. विक्सबर्ग लढवणारा पेंबर्टन उत्तरेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. बायको व्हर्जिनियाची म्हणून दक्षिणेकडे गेला. न्यू ऑर्लिन्स घेणारा उत्तरेचा फॅरागट मूळचा टेनेसीचा.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो जॉर्ज थॉमस. व्हर्जिनियाचा, लीसारखाच, पण शपथ संघराज्याची घेतली होती, म्हणून तो उत्तरेत राहिला. सप्टेंबर १८६३ मध्ये चिकमॉगाला उत्तरेची सुमारे एक तृतीयांश फौज पळाली, सेनापती रोझक्रान्ससुद्धा निघून गेला. थॉमस एका टेकडीवर संध्याकाळपर्यंत पाय रोवून उभा राहिला आणि उरलेल्यांना वाचवलं. त्याच्या बहिणींनी घरातली त्याची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली, असं सांगतात. युद्धानंतर त्याने त्यांना मदत पाठवू केली, तर आम्हाला भाऊ नाही, असं उत्तर आल्याची आठवणही सांगितली जाते. १८७० मध्ये तो वारला. पुरलं न्यूयॉर्क राज्यात, ट्रॉय इथे, बायकोच्या माहेरच्या गावी.